जावयानं केलेली अर्थिंग

आमचे जावई विरेशराव यांचं सेलूत इलेक्ट्रिकचं दुकान हाय. दुकानावर त्यांच्या नावाची पाटी हाय, पाटीभोवती लुकलुकणारे लाईट हायत. पण सासुरवाडीला येताना हा माणूस पक्कड आणत न्हाई. काम सांगितलं की खुर्चीतूनच विचारणार, "पक्कड हाय का घरात?" पक्कड दिली की टेस्टर मागणार. टेस्टर दिला की चहा. चहा पिऊन मिशा पुसत म्हणणार, "झालंच समजा, पाच मिनिटांचं काम हाय." त्या पाच मिनिटांच्या कामापायी माझी नात जाता जाता राहिली.

आमच्या घरात सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायची रीत न्हाई. सविताच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मी विरेशरावांशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते. डोक्यावर पदर घ्यायचा, आन जे काय सांगायचं ते सविताला सांगायचं, ती नसली तर भिंतीला. भिंतीशी बोललेलं त्यांना ऐकू जायचं, पण ऐकू आलं असं ते दाखवायचे न्हाईत.

आता ह्या भानगडीचं मूळ सांगते. माझ्या लेकाची, महारुद्राची पोरगी शिवरंजनी परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकायलीय. दिवाळीनंतर घरी आली ती काखेत एक टोपली घेऊन. टोपलीत काय, तर हातभर लांब, हिरवागार, पाठीवर करवतीसारखे काटे असलेला सरडा. इग्वाना म्हणतात त्याला. तिच्या वरच्या वर्गातल्या कुणीतरी पाळला होता, शिक्षण संपल्यावर त्याला नको झाला. कागदपत्रं सगळी रीतसर हायत, ती मी आधी बघायला मागितली.

"आज्जी, आपल्याकडं ठिऊया. हॉस्टेलात ठिऊ देईना गेलेत."

मी म्हणलं, "आपण लिंगायत मान्सं. किडे-उंदीर खाणारं जनावर माझ्या घरात येणार न्हाई."

"आज्जी, हा निस्ता पाला खातो. शेवग्याचा, मेथीचा, जास्वंदीची फुलं."

आमच्या महारुद्रापेक्षा हा सरडा सोवळा निघाला. महारुद्र परभणीला जाऊन काय काय खाऊन येतो ते मला ठाऊक न्हाई असं त्याला वाटतं. तर पोरीनं त्याचं नाव ठेवलं पाचू, आन मागच्या खोलीत लोखंडी अँगलचा, जाळीचा मोठा पिंजरा आणून ठेवला. पूर्वी तिथं म्हशी बांधायचो. मधी चिंचेची वाळली फांदी बसवली, पाचू दिवसभर तिच्यावर पडून राहायचा.

पण आपल्याकडची थंडी. डिसेंबर लागला की परभणीसारखं गारठतं कुठं? शिवरंजनी म्हणली, ह्या जातीला अंगात ऊब तयार करता येत न्हाई, बाहेरून द्यावी लागते. एक उजेडाचा बल्ब पाहिजे, एक उष्णतेचा. गार पडला की खाल्लेलं पचत न्हाई, हळूहळू मरतो. त्या खोलीत तर बोर्ड मेलेला. भिंतीतली जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली, एक तार जिवंत, एक तुटलेली. पुढच्या मीटरपासून नवीन वायर ओढायला पाहिजे होती. अर्ध्या दिवसाचं काम, बास.

नेमकी येळवस तोंडावर आली होती. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं घरदार रानात जेवायला जातं. सविता आन विरेशराव चार दिवस आधीच आले. शिवरंजनी आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणते. ती म्हणली, "मामा, तुमीच करून द्या ना."

"पाच मिनिटांचं काम हाय," मामा म्हणले.

मी बाजाराला निघाले होते. दारातच थांबून सविताला म्हणलं, "सवे, तुझ्या मान्साला सांग, बल्बाला चिनी मातीचा होल्डर लाव म्हणावं. प्लास्टिकचा दोन दिवसांत गुळासारखा वितळंल. आन बल्बाभोवती जाळी पाहिजे, जनावर ऊब घ्यायला चिटकून बसतं, कातडं भाजून घेतं. आन पिंजऱ्याच्या आत वायरीला जोड द्यायचा न्हाई."

विरेशराव आत ऐकत होते. हसले. मला ते मामी म्हणतात. मोठ्यानं म्हणले, "मामी लय हुशार हायत! सविता, मामींना म्हण, दुकान तुमीच चालवा, मी भाकऱ्या थापतो."

पदराआडून मी काय बोलणार? पण मला हे कुणी शिकवलं ते ऐका. एकोणीस वर्षांखाली आमचे मालक विहिरीवरच्या मोटारघरात गेले. त्यांचं नाव मी घेत न्हाई, गाव घेतं. मोटारघरात एक बल्ब लावलेला होता, तो विझला म्हणून बघायला गेले. लोखंडी पेटीला हात लागला, तिथंच चिटकले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, परतीची तार तुटली तर काई बिघडत न्हाई, ती जमिनीत गज ठोकून त्याला जोडायची, बल्ब पेटतो. पेटतो की! काळी जमीन ओली हाय तवर पेटतो. थंडीत आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, गज भेगंत ढिल्ला होतो, करंटाला जमिनीत जायला वाट राहत न्हाई. मग तो त्याच गजाला बांधलेल्या लोखंडात उभा राहतो, कुणीतरी हात लावायची वाट बघत. बल्ब विझलेला असतो म्हणून मान्साला वाटतं, लाईट गेली.

ते गेल्यावर रान मला बघायचं होतं. दिनकरराव लाईनमन होते तवा आमच्या गावाला, देवमाणूस. मी त्यांना म्हणलं, मला सगळं दाखवा. टेस्टर कसा धरायचा, फ्यूज कसा बांधायचा, झिरोच्या बल्बाला दोन वायरी जोडून तपासायचं कसं, सगळं शिकले. चौथी शिकलेली बाई मी, पण स्टार्टर खोलून परत बसवते. दिनकररावांनीच घरात मीटरजवळ एक पांढरा डबा बसवून दिला. करंट भलत्या वाटंनं जमिनीत जायला लागला की डबा आपोआप सगळी लाईट पाडतो. त्याला एक बटण हाय, ते महिन्याला दाबून बघायचं. पडला तर डबा जिवंत. तारीख माझ्या ध्यानात राहत न्हाई म्हणून मी अमावस्या धरली. एकोणीस वर्षं दर अमावस्येला मी देवाला दिवा लावते आन मग ते बटण दाबते. घरातली हसतात. हसू द्या.

बाजारातून आले तर मागच्या खोलीत लखलखाट. पाचू फांदीवर डोळे मिटून सुस्त. होल्डर प्लास्टिकचाच. जाळी न्हाई. मी सविताला म्हणलं, "हे काय?" ती म्हणली, "आई, पुढल्या बारीला लावतील गं." म्हणून मीच दुसऱ्या दिवशी मेन पाडून चिनी मातीचा होल्डर बसवला, जुन्या चाळणीची जाळी कापून बल्बाभोवती गुंडाळली. मी तिथं परतीची तार कुठं गेली ते बघायला पाहिजे होतं. न्हाई बघितली. नवीन वायर ओढली म्हणून विरेशरावांनी सांगितलं होतं, आन जावयाचा शब्द तपासायचा नसतो म्हणून मी गप बसले. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत न्हाई.

त्याच सकाळी शिवरंजनी न्हाणीमागं अर्थिंगच्या गजाजवळ तांब्याभर पाणी ओतताना दिसली.

"काय करायलीस गं?"

"मामांनी सांगितलंय, रोज सकाळी पाणी टाकायचं, अर्थिंग चांगली राहती."

हे खरं हाय, अर्थिंगला ओल पाहिजेच. म्हणून मी आपल्या कामाला लागले.

दोन दिवसांनी ती म्हणली, "आज्जी, पिंजऱ्याला हात लावला की झिणझिण होतं." मी भिंतीला विचारलं, झिणझिण का होतं म्हणून. भिंतीपलीकडून विरेशराव म्हणले, "थंडीचं लोखंड हाय, होतंच. स्वेटर घालून लावत जा म्हणावं हात." सगळी हसली. मीसुद्धा जरा हसले. आता ते आठवलं की माझंच थोबाड बडवावं वाटतं.

येळवसाच्या दिवशी पहाटेपास्नं धांदल. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, माठात ताकाची आंबील, सगळं टेम्पोत भरलं आन रानात गेलो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली, पाच दगडांना पांडव म्हणून चुना लावून पुजलं, महारुद्रानं रानाभोवती आंबील शिंपडली. पंगत बसली. जावई मधोमध, त्यांच्या ताटात पहिली खीर. शिवरंजनीचं मात्र जेवणात चित्त नव्हतं. "आज्जी, सकाळी गडबडीत पाचूला पाला घातला न्हाई. मी जाऊन येते." दोन घास खाल्ले, स्कूटी काढली आन गेली.

मी आंबील वाढत होते. वाढता वाढता आठवलं, आज अमावस्या. सकाळच्या धांदलीत बटण दाबायचं राहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मी सविताला म्हणलं, "सवे, आज बटण दाबायचं राहिलं बघ माझं."

ती म्हणली, "आगं आई, ते दाबून काय उपयोग? ह्यांनी तो डबा बाजूला काढलाय. पिंजऱ्याचे बल्ब लावले की सारखा पडायला होता. तू बाजाराला गेलीस तवाच डायरेक जोडलं."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. पायाखाली रान भेगाळलेलं. डबा पडायला होता म्हणजे करंट जमिनीत जायला होता. रोज तांब्याभर पाणी. झिणझिण. आन आज पहाटेपास्नं गजावर पाणी कुणी टाकलं? कुणीच न्हाई.

"सवे, विचार त्यांना. परतीची तार कशाला जोडली?"

विरेशराव घास गिळून म्हणले, "अर्थला. पिंजरापण त्याच तारेला बांधलाय. भिंत फोडत कोण बसतंय? चालतंय की झकास."

"त्यांना म्हण उठा. आत्ताच्या आत्ता गाडी काढा."

"मामी पण ना! आधी खीर तरी खाऊ द्या."

महारुद्राच्या पाठीत धपाटा घातला, त्याच्या मोटारसायकलवर बसले. वाटंत पोरीला चार बारी फोन लावला. वाजत राहिला. ती गाडीवर असली की फोन पिशवीत टाकती, चांगली सवय हाय, पण त्या दिवशी मी त्या सवयीला शिव्या घातल्या. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत मी कोणत्या देवाला काय काय बोलले ते लिहीत न्हाई.

स्कूटी दारात. घर उघडं. मी आधी आत पळाले न्हाई. दिनकररावांनी शिकवलेलं, आधी मेन. मीटरजवळ जाऊन खटका खाली ओढला, मग पळाले.

शिवरंजनी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. तोंड पांढरंफट. उजवा हात डाव्या हातानं धरलेला. शेवग्याचा ओला पाला खोलीभर पसरलेला.

"आज्जी, बल्ब बंद होता गं," ती म्हणली. "मला वाटलं, उडाला. कडीला हात लावला आन मला कुणीतरी फेकलंच."

मी तिचे पाय बघितले. पायात चपला होत्या. रबरी चपला, रानातला चिखल लागलेल्या. घरात चपला घालून येऊ नको म्हणून मी ह्या पोरीवर रोज ओरडते. त्या दिवशी पाचूच्या काळजीनं काढायच्या विसरली. अनवाणी असती तर फेकली गेली नसती, चिटकली असती. मी तिथंच बसले आन त्या चिखलाच्या चपला दोन्ही हातांनी धरल्या. पोरगी घाबरली, म्हणली, "आज्जी, काय करायलीस?"

महारुद्र तिला डॉक्टरकडं घेऊन गेला, छातीची ईसीजीची पट्टी काढून आणली. ठोके बरोबर होते, हात दोन दिवस जड राहिला. पाचू जिवंत होता, लाकडावर होता म्हणून. पण गार पडून काळवंडलेला. त्याला मी शालीत गुंडाळून अंगणातल्या उन्हात ठेवला. तासाभरानं हिरवा झाला, जीभ बाहेर काढली. शेजारच्या चांगुणाबाई कुंपणावरून म्हणल्या, "मल्लम्मा, सरड्याला शाल?" मी म्हणलं, "जावयाला देणार होते तीच हाय. ह्यानं आजपर्यंत कुणाला मारलं न्हाई."

विरेशराव आले ते दोन तासांनी, पोट भरून, दातात काडी घालून. मागं सविता, तिच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं. अंगणात गर्दी बघून म्हणले, "काय झालं? एवढं काय झालं?" पोरगी बाजेवर पडलेली बघितली तरी खाली बसले न्हाईत. म्हणले, "आगं, लागतो एखांदा झटका. मला तर रोज लागतो. अशी सेलूत पन्नास घरं अर्थवर चालवून दिलीत मी, कुणी मेलं का?"

मी उठले. सगळ्यांना मागच्या खोलीच्या दाराबाहेर थांबवलं. झिरोचा बल्ब आणला, दोन वायरींचा, दिनकररावांच्या वेळचा. पुढच्या चांगल्या बोर्डातली खरी परतीची तार लांब वायरीनं खोलीपर्यंत ओढली. कोरडा लाकडी पाट टाकला, त्याच्यावर चपला घालून उभी राहिले आन महारुद्राला म्हणलं, "मेन टाक."

पिंजऱ्यातले दोन्ही बल्ब मेलेले. खोलीत अंधार. मी एक वायर परतीच्या तारेला लावली, दुसरी पिंजऱ्याच्या नुसत्या लोखंडाला टेकवली.

माझ्या हातातला बल्ब पेटला. लख्ख.

चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. सविता पातेलं खाली ठेवून रडायला लागली. तिच्या बापाचा मोटारघरातला विझलेला बल्ब तिनं बघितला होता, चौदा वर्षांची होती तवा. महारुद्रानं मेन पाडला.

विरेशराव म्हणले, "ते, म्हणजे, गज जरा ढिल्ला झाला आसंल. पाणी टाकलं की होतंय. सविता, मामींना म्हण—"

मग मी डोक्यावरचा पदर मागं सारला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात बघितलं. त्यांनी नजर खाली घातली.

"सविताला काई म्हणू नका, मी हितंच उभी हाय. मलाच सांगा, कुणी मेलं का म्हणून विचारलं न्हवं तुमी? सांबप्पा मेले. माझे मालक, तुमचे सासरे. नाव घेतलं मी, आता जग काय म्हणायचं ते म्हणू द्या. असाच गज, अशीच काळी माती, असाच विझलेला बल्ब. ते त्यांच्याच चुकीनं गेले आन ते अडाणी होते. तुमी अडाणी न्हाईत. तुमच्या नावाची पाटी हाय. तो डबा पडायला होता, तो तुमाला ओरडून सांगायला होता, आन तुमी त्याचंच तोंड दाबलं. कशापायी? अर्ध्या दिवसाचा आळस!

"आता ऐका, विरेशराव. ती वायर उद्या मी दुसऱ्याकडून ओढून घेते, डबापण परत बसवते. तुमचा हात ह्या घरातल्या तारेला परत लागणार न्हाई, पक्कडसुद्धा मागायची न्हाई. सविता माझी लेक हाय, ती कधीबी येईल. तुमी जावई हायत, तुमचा पंगतीतला पाट मी मोडत न्हाई, पण आज तो उचलून ठेवते. आज सेलूला जा. ती पन्नास घरं एकेक करून फिरा, हात जोडा, आन तुमी जमिनीत घातलेली एकेक तार बाहेर काढा. पुढल्या येळवसाला या आन माझ्या समोर उभं राहून सांगा, मामी, पन्नासावं झालं. मग मी माझ्या हातानं खीर वाढीन. तोवर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. जा, आन चपला घालून जा."